शिळ्या कढीचा ऊत आणि स्मृतीची मालकी

पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडमधला एखादा विद्यार्थी दोन-अडीच पौंड मोजून जी ध्वनिमुद्रिका घरी नेत असे, तीच आता त्याच्या निवृत्तीच्या वयात एका जाडजूड पेटीत बसून त्याच्या दारी येते. पेटीत मूळ संगीत असतेच. शिवाय त्याच संगीताच्या आणखी तीन-चार ध्वनिआवृत्त्या, तालमींचे अवशेष, संगीतसभांची मुद्रणे, छायाचित्रांचे पुस्तक आणि जुन्या तिकिटांच्या प्रतिकृतीही असतात. 'येस' या वृंदाची १९७२ ची 'क्लोज टु द एज' ही ध्वनिमुद्रिका २०२५ मध्ये पाच सीडी, एक लाँगप्ले तबकडी आणि एक ब्लू-रे अशा संचाच्या रूपाने पुन्हा बाजारात आली. मूळ ध्वनिमुद्रिकेत रचना अवघ्या तीन होत्या! 'जेनेसिस'च्या १९७४ मधील 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'ला पन्नास वर्षे झाल्याचे निमित्त साधून तिचाही असाच संच त्याच वर्षी निघाला. 'पिंक फ्लॉइड', 'किंग क्रिमझन', 'जेथ्रो टल', 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर', 'जेंटल जायंट' यांपैकी कोणीही या पेटीतून सुटलेले नाही.

हा शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे, असे म्हणून हा विषय निकालात काढता येईल. श्रीमंत वृद्धांनी आपल्या तारुण्याच्या आठवणींवर पैसे उधळले, तर त्यात इतरांचे काय गेले, असेही विचारता येईल. प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. या पेट्यांच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. एका पिढीच्या सांस्कृतिक स्मृतीची मूळ साधने, म्हणजे तिच्या ध्वनिफिती, कोणाच्या ताब्यात असाव्यात, त्या कोणत्या अटींवर समाजासमोर याव्यात, आणि कायद्याने दिलेल्या संरक्षणाच्या बदल्यात समाजाने काय मागावे, हा तो प्रश्न होय. तो संगीताइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

थाट तेव्हाही होता

ज्या वाचकांचा या संगीताशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील विस्तार, जॅझमधील उत्स्फूर्तता आणि रॉकचा आघात यांचा मेळ घालून त्यांनी दीर्घ रचना बांधल्या. सम मात्रांचा सरधोपट ठेका सोडून पाच, सात, नऊ मात्रांचे विषम ताल हाताळले. 'किंग क्रिमझन'ची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६९ मध्ये निघाली, ती या प्रवाहाची नांदी मानली जाते. 'क्लोज टु द एज' ही शीर्षकरचना तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. 'जेथ्रो टल'ची १९७२ ची 'थिक अॅज अ ब्रिक' तर दोन्ही बाजूंवर पसरलेली एकच रचना आहे. यालाच पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव पडले. त्याच्यावर अतिरेकाचा, पांडित्यप्रदर्शनाचा आरोप तेव्हाही झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता.

थाटमाट या संगीताला नवा नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. 'थिक अॅज अ ब्रिक'चे वेष्टन म्हणजे एका काल्पनिक गावाचे बारा पानी वृत्तपत्र होते. बातम्या, जाहिराती आणि शब्दकोडे असलेले ते वृत्तपत्र खरोखर वाचता येत असे. 'पिंक फ्लॉइड'च्या १९७३ मधील 'द डार्क साइड ऑफ द मून'सोबत दोन भित्तिचित्रे आणि चिकटचित्रे मिळत. परंतु हा सारा थाट साध्या प्रतीबरोबर आणि साध्या किमतीत मिळत होता. कारखान्यातील कामगाराच्या मुलाला जे वेष्टन मिळे, तेच सरदाराच्या मुलाला मिळे. २०११ साली त्याच ध्वनिमुद्रिकेचा 'इमर्शन' नावाचा सहा तबकड्यांचा संच निघाला. त्यात काचेच्या गोट्या, गळ्यात गुंडाळायचे वस्त्र आणि पेल्याखाली ठेवायच्या चकत्या घातल्या होत्या. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच, की या प्रकरणात कोंबडी मात्र उत्तम होती.

१९७३ चे भित्तिचित्र आणि २०११ ची गोटी यांतील अंतर हेच या व्यवसायाच्या बदललेल्या स्वरूपाचे मोजमाप आहे. ते कसे बदलले, हे आता पाहू.

बिनछपराचा डबा

ध्वनिमुद्रण हा असा व्यवसाय आहे, की त्यातील बहुतेक खर्च पहिली प्रत तयार होण्यापूर्वीच होऊन जातो. दुसऱ्या प्रतीचा, दहा हजाराव्या प्रतीचा खर्च नाममात्र असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या संगीताच्या बाबतीत तो पहिला खर्चही केव्हाच वसूल झालेला आहे. दुसरीकडे इंटरनेटवरील श्रवणसेवांमुळे मूळ संगीत जवळजवळ फुकट झाले आहे. 'क्लोज टु द एज'च्या तिन्ही रचना आज कोणीही आपल्या फोनवर ऐकू शकतो आणि त्या ऐकण्यातून मालकाला मिळणारी रक्कम पैशाच्या अपूर्णांकात मोजावी लागते. बहुसंख्य श्रोते काहीच देत नाहीत, पण थोडे श्रोते बरेच काही द्यायला तयार आहेत. त्या थोड्यांना शोधून त्यांच्याकडून जास्तीत जास्त कसे घ्यावे, हाच आता विक्रेत्यापुढचा प्रश्न आहे.

अर्थशास्त्रात याला मूल्यभेद म्हणतात. वर्गात हा विषय शिकवताना प्रस्तुत लेखक अनेक वर्षे ज्यूल्स द्यूपुई या फ्रेंच अभियंत्याचे उदाहरण देत आला आहे. १८४९ साली रेल्वेच्या भाड्यांची चिकित्सा करताना त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराला फार खर्च येत होता किंवा कंपनीला गरिबांचा द्वेष होता, असे मुळीच नव्हते. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्या प्रवाशाला तिसऱ्या वर्गात बसण्याची भीती वाटावी, एवढ्यासाठी ते छप्पर काढलेले होते. श्रीमंताला वर चढवण्यासाठी गरिबाला पावसात भिजवायचे, असा हा हिशेब होता.

आजच्या पेट्यांचा हिशेब याहून वेगळा नाही. श्रोत्याला गोट्या नको असतात. त्याला हवी असते ती चहूबाजूंनी ऐकू येणारी नवी ध्वनियोजना किंवा अप्रकाशित संगीतसभा. ती ज्या ब्लू-रेवर असते, तिच्या एका प्रतीचा उत्पादनखर्च क्षुल्लक असतो. परंतु ती सुटी मिळत नाही. पेटी घेतली तरच ती मिळते. पेटीत दुसरी तबकडी असते, ती त्याच्याकडे आधीच आहे. तिसरी असते, तीवर तेच संगीत दुसऱ्या स्वरूपात आहे. 'पिंक फ्लॉइड'च्या २०१६ मधील 'द अर्ली इयर्स' या सत्तावीस तबकड्यांच्या संचात तर एकच चित्रफीत डीव्हीडीवर आणि तीच पुन्हा ब्लू-रेवर दिलेली होती! हे सुट्या ब्लू-रेचे छप्पर काढून घेणेच आहे.

मक्तेदाराची अडचण

तथापि या खेळात मक्तेदारही सर्वस्वी सुरक्षित नाही. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये, म्हणजे 'क्लोज टु द एज' निघाली त्याच वर्षी, टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीवर एक छोटासा निबंध लिहिला. टिकाऊ वस्तूचा मक्तेदार अखेर स्वतःशीच स्पर्धा करतो, असा त्याचा आशय आहे. आज चढ्या किमतीला वस्तू विकल्यावर उरलेल्या ग्राहकांना ती उद्या कमी किमतीत विकण्याचा मोह त्याला आवरत नाही. ग्राहकाला हे कळले, की तो थांबतो. मग आजची चढी किंमतही टिकत नाही.

'द डार्क साइड ऑफ द मून'च्या पन्नाशीची पेटी मार्च २०२३ मध्ये आली. तिच्यातील नवी ध्वनियोजना ऐकण्यासाठी ज्यांनी ती घाईने घेतली, त्यांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती ब्लू-रे सुटी मिळू लागल्याचे पाहावे लागले. कोस यांच्या सिद्धान्ताला यापेक्षा सुबक पुरावा शोधूनही सापडणार नाही. या फसगतीतून शहाणे झालेले ग्राहक पुढच्या वेळी थांबू लागतात. म्हणूनच विक्रेत्याला 'मर्यादित प्रती' या शब्दांचा आधार घ्यावा लागतो. आज घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही, असे सांगितले, की थांबण्याचा मार्ग बंद होतो. संपलेले संच पुढे जुन्या बाजारात दुपटी-तिपटीने विकले जातात आणि त्या भावांची वार्ता पुढच्या संचाची जाहिरात ठरते. ही टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही. ती ठरवून निर्माण केलेली आहे.

या मालमत्तेचे मोल आता किती वाढले आहे, तेही पाहावे. २०२४ मध्ये 'पिंक फ्लॉइड'च्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलरला घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. 'जेनेसिस'च्या प्रमुख सभासदांच्या संगीताचे हक्कही २०२२ मध्ये अशाच मोठ्या व्यवहारात हस्तांतरित झाले. एवढी रक्कम गुंतवणाऱ्याच्या दृष्टीने जुनी ध्वनिफीत ही भाडे देणारी इमारत असते. तिच्यातून दरवर्षी उत्पन्न निघाले पाहिजे. वर्धापनदिनांची मालिका हे त्या उत्पन्नाचे वेळापत्रक होय.

पन्नास वर्षांचा आकडा

वर्धापनदिनांची ही गर्दी नेमकी पन्नासाव्या वर्षीच का होते? भावनिक कारण उघडच आहे. परंतु त्याच्या जोडीला एक कायदेशीर कारणही आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

युरोपीय संघाने २०११ च्या एका निर्देशाद्वारे ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली. ब्रिटनने ती तरतूद २०१३ मध्ये आपल्या कायद्यात आणली आणि युरोपीय संघ सोडल्यावरही ती कायम ठेवली. वाढीव मुदतीला मात्र अटी जोडलेल्या आहेत. मुद्रण झाल्यापासून पन्नास वर्षांत जे प्रकाशितच झाले नाही, त्यावरील हक्क संपतो. प्रकाशित झालेले संगीत मालकाने पन्नास वर्षांनंतर पुरेशा प्रमाणात बाजारात ठेवले नाही, तर कलावंताला नोटीस देऊन आपले हक्क परत मागता येतात. ज्या साहाय्यक वादकांना एकरकमी मानधन देऊन मोकळे केले होते, त्यांच्यासाठी वाढीव काळातील उत्पन्नाचा वीस टक्के भाग बाजूला काढावा लागतो.

याचा परिणाम असा, की पन्नासावे वर्ष जवळ आले, की कंपन्यांच्या तळघरांत धावपळ सुरू होते. २०१२ च्या अखेरीस बॉब डिलन यांच्या अप्रकाशित मुद्रणांचा एक संच युरोपात सुमारे शंभर प्रतींत काढण्यात आला. आपला हेतू हक्काची मुदत वाढवण्याचा आहे, हे त्या संचाने आपल्या उपशीर्षकातच सांगून टाकले होते. 'पिंक फ्लॉइड'च्या १९७० च्या दशकारंभीच्या अनेक संगीतसभा डिसेंबर २०२१ मध्ये, काहीही गाजावाजा न करता, इंटरनेटवर दाखल झाल्या. जाणकारांनी त्याचा संबंध याच मुदतीशी जोडला.

कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. वापरा किंवा गमवा, असा दंडक घालून त्यांनी तळघरे उघडायला लावली. पण शंभर प्रती काढून हक्क राखता येत असेल, तर त्या दंडकाचे दात पाडल्यासारखेच झाले. समाजाने वीस वर्षांची जादा मक्तेदारी दिली आणि त्या मोबदल्यात त्याला शंभर प्रती मिळाल्या. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते याला.

चांगल्या पेटीचा गुण

येथवर वाचून वाचकाला वाटेल, की प्रस्तुत लेखक या संचांचा शत्रू आहे. वस्तुस्थिती तशी नाही. लेखकाच्या कपाटात असे तीन संच आहेत आणि ते प्राध्यापकाच्या पगारातून, सीमाशुल्क भरून, घरच्यांचा रोष पत्करून आणलेले आहेत. त्यांतील एकात एक तबकडी दोनदा आणि दुसरी मुळीच नाही, असा प्रकार निघाला. विक्रेत्याशी चार महिने पत्रव्यवहार केल्यावर हवी ती तबकडी आली. तरीही ते संच विकावेसे वाटत नाहीत, याला कारण आहे.

'किंग क्रिमझन'च्या १९७३ मधील 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक' या ध्वनिमुद्रिकेचा संच २०१२ मध्ये निघाला. त्यात पंधरा तबकड्या आहेत. त्या ध्वनिमुद्रिकेत जेमी म्यूर नावाचा एक विलक्षण तालवादक होता. पत्रे, साखळ्या, खेळणी अशा कशातूनही तो नाद काढी. ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच तो वृंद सोडून स्कॉटलंडमधील एका बौद्ध मठात गेला. त्यामुळे पाच जणांचा तो वृंद अवघे काही महिनेच रंगमंचावर होता. १९७२ च्या उत्तरार्धातील त्या संगीतसभा कोणत्याही कंपनीने ध्वनिमुद्रित केल्या नाहीत. केल्या त्या प्रेक्षकांत बसलेल्या काही रसिकांनी, लपवून नेलेल्या यंत्रांवर. आवाज कोंदट आहे, मध्येच कोणीतरी खोकते. तरीही त्या सभांचा तोच एक आधार उरला आहे. संचात या फिती आणि ब्रेमेन येथील दूरचित्रवाणीसाठी झालेल्या कार्यक्रमाची चित्रफीत एकत्र आणली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्यूर निवर्तला. त्या वृंदात तो काय करीत होता, हे यापुढे कोणाला समजून घ्यायचे असेल, तर या पेटीवाचून गत्यंतर नाही. ज्यांना काल चोर म्हटले, त्यांनीच हा ठेवा राखला, हा विरोधाभासही नोंदवण्याजोगा आहे.

आपल्याकडे याला समांतर असे काही शोधायचे, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होते. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. पानाच्या वरच्या भागात संहिता आणि खाली पाठभेद, अशी तिची मांडणी आहे. सामान्य वाचक खालचा भाग वाचत नाही, पण तो असतो म्हणूनच वरच्या संहितेवर विश्वास ठेवता येतो. उत्तम संचातील तालमींची मुद्रणे आणि वगळलेले प्रयत्न हे असेच पाठभेद होत. त्यांची मोठेपणाशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते शिस्तीचे.

ही शिस्त सर्वत्र आढळत नाही. 'जेनेसिस'च्या १९९८ मधील संग्रहात 'लॅम्ब'ची १९७५ ची संगीतसभा दिलेली होती, परंतु तिच्यातील गायनाचा काही भाग पीटर गॅब्रिएल यांनी वीस वर्षांनंतर नव्याने गाऊन बसवला होता. श्रोत्याच्या कानाला ते सुखावह झाले असेल, पण इतिहासाच्या दृष्टीने तो प्रक्षेप ठरतो.

जुन्या फितींवरील काम सोपे नसते, हेही सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकातील काही फितींवरील चुंबकीय थराला धरून ठेवणारे द्रव्य ओलाव्याने चिकट होते आणि फीत यंत्रावर लावताच थर निघून येऊ लागतो. अशी फीत मंद आचेवर तासन् तास शेकावी लागते, तेव्हा कोठे ती एकदोनदा वाजवता येते. तेवढ्या अवधीत तिची प्रत करून घ्यावी लागते. नंतर प्रत्येक वाद्याचा मार्ग वेगळा घेऊन संपूर्ण रचना पुन्हा जुळवायची. स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने २००९ पासून 'किंग क्रिमझन', 'जेथ्रो टल', 'येस' यांच्या ध्वनिमुद्रिकांवर असे काम केले आहे आणि ते मूळ कृतीचा मान राखून केले आहे, यावर बहुतेक जाणकारांचे एकमत आहे. या श्रमाला मोल हवेच.

मालक कोण, यावर सारे

एक पेटी ग्रंथालयासारखी आणि दुसरी जत्रेतल्या दुकानासारखी का होते? माझ्या मते याचे उत्तर मालकीत आहे. 'किंग क्रिमझन'चे रॉबर्ट फ्रिप यांचा पूर्वीच्या व्यवस्थापकांशी हक्क व मानधन यांवरून दीर्घकाळ वाद झाला. १९९२ मध्ये त्यांनी डेव्हिड सिंगल्टन यांच्याबरोबर 'डिसिप्लिन ग्लोबल मोबाइल' ही स्वतःची संस्था काढली. ध्वनिमुद्रणाचा हक्क कलावंताकडेच राहावा, हे तिचे धोरण आहे. तिने संगीतसभांची मुद्रणे मोठ्या संचांखेरीज सुटीही विकली. कोणती फीत कोठली, तिचा दर्जा काय, हे ती मोकळेपणाने सांगते. ज्याच्या जगण्याशी ते संगीत जोडलेले आहे, त्याला ते नीट राहावे असे वाटते. ज्याने ते मालमत्ता म्हणून विकत घेतले, त्याचे लक्ष उत्पन्नाकडे राहते. यात दुष्टपणा नाही, हितसंबंधांचा फरक आहे.

खाजगी मालकीतील स्मृती किती असुरक्षित असते, याचा धडा जून २००८ मध्ये मिळाला. लॉस एंजेलिसजवळच्या युनिव्हर्सलच्या चित्रनगरीला आग लागली आणि तेथील कोठारात ठेवलेल्या असंख्य मूळ ध्वनिफिती जळाल्या. त्या हानीची व्याप्ती जगाला कळली २०१९ मध्ये, एका वृत्तपत्राच्या शोधामुळे. मधली अकरा वर्षे ज्यांचे संगीत त्या कोठारात होते अशा कित्येक कलावंतांनाही तिचा पत्ता नव्हता. एखाद्या ग्रंथालयात अशी आग लागती, तर दुसऱ्याच दिवशी विधिमंडळात प्रश्न विचारले गेले असते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की कोणावर सक्ती नाही. ज्याला परवडते तो घेतो, ज्याला परवडत नाही त्याला मूळ संगीत उपलब्ध आहेच. बाजाराच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. परंतु या बाजाराला आधार आहे तो कायद्याने दिलेल्या मक्तेदारीचा. समाजाने सत्तर वर्षांची मुदत दिली नसती, तर ही पेटी या किमतीला विकताच आली नसती. जो हक्क समाजाने दिला, त्याला अटी घालण्याचा अधिकारही समाजाचाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महागड्या पेट्या विकल्या जातात म्हणूनच जतनाचा खर्च निघतो. अटी लादल्या, तर फिती तळघरातच कुजतील. हे काही अंशी खरे आहे आणि म्हणून किमतींवर नियंत्रण आणावे, असे मी सुचवत नाही. धनिकाच्या हौशीतून विद्वानाचे काम निघत असेल, तर त्या हौशीला माझा नमस्कार. फक्त ते काम धनिकाच्या कपाटातच बंद होऊन राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, वाढीव मुदतीचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक प्रकाशनाची प्रत सार्वजनिक ग्रंथालयात जमा करणे बंधनकारक असावे. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यावीच लागते, पण ध्वनिमुद्रणांना तो नियम लागू नाही. तेथील ध्वनिसंग्रह या बाबतीत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. दुसरी, अप्रकाशित सामग्री ठरावीक काळानंतर, समजा दोन वर्षांनी, सुट्या व साध्या रूपात उपलब्ध केली जावी. तेवढ्या अवधीत पेटीला तिचे गिऱ्हाईक मिळून जाते. तिसरी, प्रत्येक मुद्रणाचा उगम, तारीख आणि नंतर केलेले बदल वेष्टनावर छापले जावेत. औषधाच्या बाटलीवर आपण जे मागतो, त्याहून यात अधिक काही नाही.

आपला संबंध

हा सारा परक्या मुलुखातला मामला आहे, असे समजून आपण स्वस्थ बसू नये. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाची मुदत १९९२ पासून साठ वर्षे केली आहे. पुस्तके व वृत्तपत्रे ग्रंथालयांना देण्याविषयीचा १९५४ चा आपला कायदाही तबकड्यांबाबत मौन पाळतो. आपल्याकडे जुन्या संगीताला बाजार नाही असेही नाही. २०१७ मध्ये सारेगम कंपनीने पाच हजार जुनी गाणी भरलेला 'कारवाँ' बाजारात आणला. तो घरोघर गेला आणि त्याची मराठी आवृत्तीही निघाली. आईवडिलांना द्यायला ती उत्तम भेट आहे. परंतु गाणे केव्हा मुद्रित झाले, साथीला कोण होते, हे विचारणाऱ्याला तो बोलका डबा उत्तर देत नाही. तिकडे मसाला फार झाला असेल, पण इकडे आपण अजून पाककृतीही लिहून ठेवलेली नाही.

वसतिगृहात असताना 'थिक अॅज अ ब्रिक'ची पहिली प्रत माझ्या हाती आली, ती एका मित्राने दुसऱ्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली होती. फीत संपल्यामुळे शेवटची तीन मिनिटे तिच्यात नव्हती. वृत्तपत्राचे वेष्टन असते, हेही ठाऊक नव्हते. पुढे संच घेतला, ते बारा पानी वृत्तपत्र उलगडले आणि ती तीन मिनिटे ऐकली, तेव्हा झालेला आनंद खोटा नव्हता. तो आनंद मला परवडला, एवढ्याच कारणाने मिळाला. आज माझ्या वर्गात मागच्या बाकावर कानात यंत्र घालून बसणारा एखादा मुलगा असेल. त्याला जेमी म्यूरच्या साखळ्यांचा नाद ऐकावासा वाटला, तर त्याच्यासाठी एखाद्या ग्रंथालयाचे दार उघडे असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.